औषध देहांत जातें कोठें आणि बाहेर पडतें केव्हां?

एकत्र कुटुंबाच्या घरांत औषधांचा एक डबा हटकून असतो. त्यांत मुलांच्या खोकल्याची बाटली असते, डोकेदुखीच्या गोळ्या असतात, आणि बहुधा एका कोपऱ्यांत आजोबांच्या किंवा आजींच्या ‘हृदयाच्या गोळ्या’ असतात. त्या कोणत्या वेळीं द्यावयाच्या हें घरांतील दोघां-तिघांना पाठ असतें. केवढ्यास येतात हेंहि ठाऊक असतें. परंतु गोळी गिळल्यावर ती देहांत कोठें जाते, तेथें किती काळ राहते आणि कोणत्या वाटेनें बाहेर पडते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. पोटांत गेली म्हणजे काम झालें, अशी आपली समजूत. वास्तविक तेथें तिच्या प्रवासास केवळ आरंभ होतो. एकच गोळी एका वृद्धास तारते आणि दुसऱ्यास बाधते, ह्याचें कारण पुष्कळदां ह्या प्रवासांतच सांपडतें. आणि हृदयाचा ताल सांभाळणाऱ्या औषधांच्या बाबतींत तर तें फारच खरें आहे.

ह्या प्रवासाचा नकाशा शास्त्रज्ञांनीं प्रथम उंदीर, ससे, मांजरें, कुत्रे ह्या मुक्या प्राण्यांच्या देहांवर काढला. तो कसा काढला, त्यांतून काय कळलें, आणि आपल्या घरांतील डब्याशीं त्याचा संबंध काय, हें वाचकांपुढें मांडण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

ताल आणि त्याचीं औषधें

मनुष्याचें हृदय मिनिटास सुमारें ७० वेळां, म्हणजे दिवसांतून एक लाखावर वेळां आकुंचन पावतें. हा ताल धरणारा एक लहानसा पेशीसमूह हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यांत आहे. त्यानें दिलेली विद्युत्-सूचना ठराविक वाटेनें सर्व हृदयभर पसरते. वार्धक्यानें, रक्तदाबानें, किंवा लहानपणीं झालेल्या संधिवाताच्या तापानें हृदयाच्या झडपा बिघडल्या म्हणजे ही वाट विस्कटते. वरचे कप्पे नीट आकुंचन न पावतां नुसते थरथरूं लागतात आणि नाडी वेडीवांकडी चालते. ह्या विकारावर मनुष्यानें जीं औषधें शोधलीं, त्यांतील जुनीं बहुतेक वनस्पतींतून आलेलीं आहेत.

इंग्लंडांत विल्यम विदरिंग ह्यानें १७८५ सालीं डिजिटॅलिस नांवाच्या झाडाच्या पानांवर ग्रंथ लिहून जलोदर व सूज ह्यांवरील त्याचा उपयोग जगापुढें ठेवला. त्याच जातीच्या दुसऱ्या झाडापासून १९३० सालीं सिडने स्मिथ ह्यानें डिगॉक्सिन हें शुद्ध द्रव्य वेगळें केलें. आज दवाखान्यांतून जें दिलें जातें तें हेंच. हिंवतापामुळें आपल्या परिचयाच्या झालेल्या सिंकोनाच्या सालीचीहि अशीच कथा आहे. वेंकेबाख ह्या डच वैद्यास १९१२ सालीं एका व्यापाऱ्यानें सांगितलें कीं, ‘माझी बिघडलेली नाडी मी स्वतः कोयनेल घेऊन ताळ्यावर आणतों.’ वैद्यानें तें हंसण्यावारी नेलें नाहीं. पुढें १९१८ सालीं फ्राय ह्या वैद्यानें कोयनेलचेंच भावंड जें क्विनिडीन, तें ह्या कामीं अधिक गुणकारी असल्याचें दाखविलें.

आपल्या देशाचा वांटाहि लहान नाहीं. मालेगांवाजवळ मनसुरा येथें युनानी वैद्यकाचें तिब्बिया महाविद्यालय असल्यामुळें ‘तिब्बिया’ हा शब्द ह्या भागांतील लोकांस नवा नाहीं. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयाचे संस्थापक हकीम अजमलखान ह्यांच्या प्रोत्साहनानें तेथें वनौषधींचें रासायनिक संशोधन सुरू झालें, आणि सलीमुझ्झमान सिद्दिकी ह्यांनीं १९३१ सालीं सर्पगंधेच्या मुळांतून एक शुद्ध द्रव्य काढून त्यास हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असें नांव दिलें. हें हृदयाच्या तालावरील औषध ठरलें. त्याच सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण मुंबईचे डॉक्टर रुस्तुम जाल वकील ह्यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश हृदयरोग-मासिकांतून जगास सांगितला, आणि १९५७ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळविलें.

ह्या मालिकेंतील अलीकडचें आणि आपल्या विषयास सर्वांत उपयुक्त औषध म्हणजे अमिओडारोन. ईजिप्तांत ‘खेल्ला’ नांवाच्या शोपेसारख्या वनस्पतीचें बीं पूर्वापार औषधांत वापरीत. त्यांतील द्रव्याच्या अभ्यासावरून बेल्जममधील रसायनशास्त्रज्ञांनीं १९६१ सालीं अमिओडारोन बनविलें. तें मूळचें छातींतील कळेवरचें औषध. तालावरचा त्याचा गुण पुढें जनावरांच्या प्रयोगांत उघडकीस आला. अजमलीन शिरेंतून दिल्याबरोबर कांहीं मिनिटांत परिणाम दाखवून लवकर ओसरतें. म्हणूनच हृदयांतील एक छुपा आनुवंशिक दोष हुडकण्यासाठीं आजहि यूरोपांत त्याचा परीक्षेपुरता उपयोग करितात. उलटपक्षीं अमिओडारोन एकदां देहांत मुरलें म्हणजे महिनेच्या महिने हलत नाहीं. दोन्ही तालाचींच औषधें. मग एक मिनिटांचा पाहुणा आणि दुसरा वर्षाचा भाडेकरू, असें कां?

रंगाऱ्याचा हौद

मोसम आणि गिरणा ह्यांच्या संगमावर वसलेलें मालेगांव हें सुताचें आणि मागांचें गांव. येथें हातमागावरील लुगड्यांचा धंदा जुना, आणि आज तर यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालूं असतो. अशा गांवांत औषधाचें देहांतील वांटप समजावून देण्यास रंगाऱ्याच्या हौदासारखा दुसरा दृष्टान्त नाहीं.

समजा, एका हौदांत १०० लिटर पाणी आहे आणि त्यांत १०० ग्रॅम रंग टाकला. दर लिटरास १ ग्रॅम रंग झाला. आतां त्याच हौदांत सुताच्या लड्या सोडल्या. सुतानें ९९ ग्रॅम रंग पिऊन टाकला आणि पाण्यांत अवघा १ ग्रॅम उरला. एखादा परका माणूस येऊन हौदांत न डोकावतां केवळ पेलाभर पाणी तपासूं लागला, तर त्यास लिटरांत शतांश ग्रॅम रंग सांपडेल, आणि तो हिशोब करील कीं, ज्या अर्थीं १०० ग्रॅम रंग टाकूनहि पाणी इतकें फिकें आहे, त्या अर्थीं हा हौद १०,००० लिटरांचा असला पाहिजे!

औषधशास्त्रांत नेमका असाच हिशोब करितात. रक्त हें हौदांतील पाणी. स्नायु, चरबी, यकृत, फुफ्फुसें ह्या सुताच्या लड्या. दिलेलें औषध आणि रक्तांत सांपडलेलें प्रमाण ह्यांवरून जो काल्पनिक हौद निघतो, त्यास औषधाच्या ‘वांटपाचें आकारमान’ म्हणतात. डिगॉक्सिनच्या बाबतींत तें देहाच्या दर किलोस सुमारें ७ लिटर येतें, कारण तें स्नायूंत बरेंच शिरतें. अमिओडारोनच्या बाबतींत सरासरी ६० लिटर येतें. म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्याच्या देहांत जणूं ३,६०० लिटरांचा हौद दडलेला आहे! अर्थ इतकाच कीं, दिलेलें औषध रक्तांत नांवापुरतेंच असून बाकीचें सर्व सुतानें, येथें मुख्यतः चरबीनें, पिऊन टाकलेलें आहे.

ह्यावरून एक गोष्ट उघड होते. लड्या रंगानें तृप्त होईपर्यंत पाण्याचा रंग गडद होत नाहीं. म्हणून अमिओडारोन सुरू करितांना वैद्य आरंभीं कांहीं दिवस अथवा आठवडे मोठी मात्रा देतात आणि मग ती उतरवितात. हें न कळल्यामुळें ‘पहिल्यानें तीन-तीन गोळ्या देत होते, आतां एकावर आणलें, म्हणजे दुखणें बरें झालें’ असा तर्क घरोघर होतो. तो तर्क चुकीचा असतो. आरंभीची मात्रा लड्या भरण्यासाठीं असते, आणि पुढची लहान मात्रा रोजची गळती भरून काढण्यासाठीं.

स्वीडनमधील टोर्स्टेन टेओरेल ह्यानें १९३७ सालीं अशा तऱ्हेचें गणित प्रथम व्यवस्थित मांडलें. देहाच्या निरनिराळ्या भागांस निरनिराळे हौद समजून एकांतून दुसऱ्यांत होणारी ये-जा त्यानें समीकरणांत बसविली. परंतु सुतानें किती रंग प्याला हें केवळ गणितानें कळत नाहीं. त्यासाठीं लडी बाहेर काढून पाहावी लागते. येथेंच प्रयोगशाळेंतील जनावरांचें काम सुरू होतें.

जनावरांनीं काय दाखविलें

प्रयोगाची रीत ऐकण्यास सोपी आहे. उंदरांच्या एका गटास ठराविक मात्रा शिरेंतून आणि दुसऱ्यास तोंडावाटें देतात. मग पांच मिनिटें, अर्धा तास, दोन तास, एक दिवस अशा अंतरानें रक्ताचे थेंब घेऊन त्यांतील औषध मोजतात. शिरेंतून दिलेल्या औषधाशीं तोंडानें दिलेल्याची तुलना केली म्हणजे गोळींतील किती भाग खरोखर रक्तांत पोहोंचतो तें कळतें. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यांत मूत्र व विष्ठा वेगळी जमवून औषध कोणत्या दारानें बाहेर पडलें तें पाहतात. शेवटीं ठराविक वेळीं कांहीं प्राण्यांस वेदना न होतां मारून प्रत्येक अवयवांतील औषध मोजतात. स्वीडनमध्येंच स्वेन उलबेर्ग ह्यानें १९५४ सालीं एक विलक्षण युक्ति प्रसिद्ध केली. किरणोत्सर्गी अणु जोडलेलें औषध उंदरास देऊन, गोठविलेल्या सबंध देहाचा पातळ काप छायाचित्राच्या फिल्मवर ठेवावयाचा. जेथें औषध असेल तेथें फिल्म आपोआप काळी पडते. औषधाचा देहांतील मुक्काम अशा रीतीनें डोळ्यांस दिसूं लागला.

अमिओडारोन उंदराच्या शिरेंत दिल्यावर काय होतें? कांहीं मिनिटांतच रक्तांतील प्रमाण झपाट्यानें उतरतें. वरवर पाहणारास वाटेल कीं औषध देहाबाहेर गेलें. परंतु अवयव तपासले तर तें फुफ्फुसांत, यकृतांत, हृदयांत भरलेलें आढळतें. चरबींत मात्र तें हळूहळू चढतें. कारण चरबीकडे रक्ताचा ओघ थोडा. पुढें इतर अवयव रिते होऊं लागले तरी चरबी आपला साठा सोडीत नाहीं. मात्रा आठवड्यामागून आठवडे चालूं ठेवली तर हा साठा थरावर थर चढत जातो. म्हणजे रक्त हें केवळ रस्ता आहे, वस्ती दुसरीकडे आहे, हें उंदरानें शिकविलें.

ह्याच संथपणामुळें अमिओडारोनचा खरा गुण कळण्यास वेळ लागला. फिजी बेटांत जन्मलेले भारतीय वंशाचे डॉक्टर ब्रह्मा सिंग हे ऑक्सफर्ड येथें व्हॉन विल्यम्स ह्यांच्या हाताखालीं काम करीत होते. त्यांनीं सशांस कित्येक आठवडे रोज अमिओडारोन दिलें आणि मग हृदयाच्या स्नायूंतील विद्युत्-लहरी मोजल्या. प्रत्येक ठोक्यानंतर स्नायूस पुन्हां सज्ज होण्यास लागणारा काळ चांगलाच लांबलेला आढळला. हा काळ लांबला म्हणजे वेड्यावांकड्या, अवेळीं येणाऱ्या सूचनांस हृदय दाद देत नाहीं. १९७० सालीं हा निबंध प्रसिद्ध झाला. सशांस एकच मात्रा देऊन ते थांबले असते, तर ही गोष्ट बहुधा हातची निसटली असती. पुढें आर्जेंटिनांत रोझेनबाउम ह्यानें रोग्यांवर ह्या औषधाचा उपयोग करून त्याचें सामर्थ्य सिद्ध केलें, आणि १९८५ सालीं अमेरिकन सरकारनेंहि त्यास मान्यता दिली.

जनावरांनीं धोक्याची सूचनाहि दिली. हें द्रव्य चरबींत विरघळतें आणि पेशींच्या पचनपिशव्यांत अडकून बसतें, त्यामुळें तेथें स्निग्ध पदार्थ साठून पेशी फुगतात. अशा फुगलेल्या पेशी जनावरांच्या फुफ्फुसांत दिसल्या. दीर्घकाळ औषध घेणाऱ्या कांहीं रोग्यांत कोरडा खोकला आणि धाप लागते, तिचें मूळ फुफ्फुसांतील ह्या सांठ्याशीं निगडित आहे.

उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. उंदराच्या देहांतून अमिओडारोन निम्मे होण्याचा काळ तासांत, फार तर एखाद-दुसऱ्या दिवसांत मोजतां येतो. दीर्घकाळ घेणाऱ्या मनुष्याच्या देहांत हाच काळ सरासरी ५८ दिवस, आणि माणसागणिक १५ पासून १४२ दिवसांपर्यंत आढळला आहे. शिवाय मनुष्याच्या यकृतांत ह्या औषधाचें जें रूपान्तर होतें, तें रूपान्तरित द्रव्यहि कार्यकारी असून कांहीं महिन्यांनीं मूळ औषधाच्या बरोबरीनें रक्तांत आढळतें. उंदराच्या रक्तांत तें फारच थोडें असतें.

लहान प्राण्यांचा देहाग्नि प्रखर असतो. चिमुकल्या उंदराचें हृदय मिनिटास सुमारें ६०० वेळां धडधडतें, हत्तीचें ३० वेळांच. मॅक्स क्लायबर ह्यानें १९३२ सालीं दाखविलें कीं वजन वाढतें त्या प्रमाणांत हा अग्नि वाढत नाहीं, कमी वाढतो. २५० ग्रॅमच्या घुशीएवढ्या उंदरापेक्षां ४ किलोचें मांजर वजनानें १६ पट, परंतु अग्नीनें सुमारें ८ पटच. म्हणून उंदरास सोसणारी मात्रा नुसती वजनानें गुणून मोठ्या प्राण्यास देणें धोक्याचें. अमेरिकेंत १९६२ सालीं एका हत्तीस मनावर परिणाम करणारें एक तीव्र औषध अशाच सरळ गुणाकारानें टोंचलें गेलें, आणि तो दोन तासांच्या आंत मेला. मात्रेचा हिशोब कसा करूं नये ह्याचा दाखला म्हणून ही गोष्ट आजहि सांगतात.

वांटप आणि निचरा सारखे असूनहि फरक पडूं शकतो. डिगॉक्सिनचें उदाहरण पाहा. हें औषध हृदयपेशींतील सोडियम-पोटॅशियमचा पंप मंदावून काम करितें. उंदराच्या हृदयांतील पंपाची घडण किंचित् वेगळी असल्यामुळें हें द्रव्य त्यावर नीट बसतच नाहीं. मनुष्यास प्राणघातक होईल अशा मात्रेस उंदीर दाद देत नाहीं. शास्त्रज्ञांनीं केवळ उंदरांवर भरंवसा ठेविला असता तर डिजिटॅलिस निरुपद्रवी ठरलें असतें! म्हणूनच हॅचर आणि ब्रॉडी ह्यांनीं १९१० सालीं डिजिटॅलिसचा जोर मोजण्याचें माप बसविलें तें मांजरावर. कोणत्या प्रश्नास कोणता प्राणी योग्य, हें ओळखणें हेंच ह्या शास्त्रांतील खरें कौशल्य आहे.

निचरा, आणि मालेगांवचा उन्हाळा

औषध देहांतून जाण्यास मुख्य दोन दारें आहेत. एक यकृताचें: तेथें औषधाचें रूपान्तर होऊन तें पित्तावाटें आंतड्यांत पडतें. दुसरें मूत्रपिंडांचें. अमिओडारोन जवळजवळ सर्व पहिल्या दारानें जातें, डिगॉक्सिन मुख्यतः दुसऱ्या दारानें. रक्तांतील औषध निम्मे होण्यास लागणारा काळ म्हणजे त्याचें ‘अर्धायुष्य’. अशीं पांच अर्धायुष्यें लोटलीं म्हणजे बत्तिसावा हिस्सा उरतो. औषध गेलें असें व्यवहारांत म्हणावयास हरकत नाहीं. डिगॉक्सिनचें अर्धायुष्य निरोगी मूत्रपिंडें असतां सुमारें ३६ तास. तेव्हां आठवड्याभरांत तें निघून जातें. अमिओडारोनचें सरासरीनें धरिलें तरी साडेनऊ महिने लागतात.

परंतु मूत्रपिंडें निकामी झालीं असतां डिगॉक्सिनचें अर्धायुष्य चार-पांच दिवसांवर जातें, आणि तीच गोळी रोज चालूं राहिली तर रक्तांतील प्रमाण हळूहळू वाढत जातें. येथेंच आपल्या भागांतील उन्हाळ्याचा संबंध येतो. मालेगांवचा उन्हाळा सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढणें येथें नवलाचें नाहीं. घामानें अंगांतील पाणी जातें, वृद्धांना तहानेची जाणीव कमी असते, त्यांतच सुजेसाठीं दिलेल्या मूत्रल गोळ्या चालूं असतात. मूत्रपिंडांकडे रक्ताचा ओघ घटतो, औषधाचें दार किलकिलें होतें; शिवाय अंगांतील पोटॅशियम कमी झालें म्हणजे तेवढ्याच डिगॉक्सिनचा हृदयावरील जोर वाढतो. मग आजींचें अन्नावरचें मन उडतें, मळमळ सुटते, उलट्या होतात, डोळ्यांपुढें पिवळसर दिसतें, नाडी अति मंद किंवा अनियमित होते. घरांतील मंडळी म्हणतात, ‘ऊन लागलें असावें,’ आणि कांद्याचा रस, पन्हें, कोकमाचें सरबत सुरू होतें. पन्हें वाईट नाहीं. परंतु हीं सर्व लक्षणें डिगॉक्सिन अंगांत सांचल्याचींहि असूं शकतात, आणि त्या दिवशीं वैद्यास दाखविणें अगत्याचें असतें.

एका औषधानें दुसऱ्याचें दार अडविल्याचा प्रकार तर फार बोधप्रद आहे. डिगॉक्सिन घेणाऱ्या रोग्यास क्विनिडीन दिलें असतां रक्तांतील डिगॉक्सिन सुमारें दुप्पट होतें, असें १९७८ सालीं ध्यानांत आलें. कारण मात्र स्पष्ट नव्हतें. त्याचा उलगडा उंदरांनीं केला. आंतडें, मूत्रपिंड आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या ह्यांच्या पेशींवर एक प्रकारचें प्रथिन द्वारपालासारखें बसलेलें असून तें डिगॉक्सिनसारख्या द्रव्यांस बाहेर लोटतें. ह्या द्वारपालाचें जनुक काढून टाकलेले उंदीर आम्स्टरडाम येथें तयार करण्यांत आले, आणि १९९५ सालीं असें दिसून आलें कीं त्यांच्या मेंदूंत डिगॉक्सिन कित्येक पटींनीं अधिक शिरतें. क्विनिडीन ह्याच द्वारपालास गुंतवून ठेवितें. अमिओडारोनहि तेंच करितें. म्हणून अमिओडारोन सुरू करितांना जाणते वैद्य डिगॉक्सिनची मात्रा बहुधा निम्मी करितात किंवा तें बंद करितात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा जोरहि अमिओडारोनमुळें वाढतो, तो यकृतांतील रूपान्तर मंदावल्यामुळें.

घरांत काय पाळावें

ह्या सर्व विवेचनाचा घरगुती अर्थ फारसा अवघड नाहीं. पहिली गोष्ट, तालाच्या औषधाची मात्रा शेजाऱ्यावरून किंवा मागच्या वर्षावरून ठरवूं नये. वय, वजन, मूत्रपिंडें आणि बरोबरचीं औषधें ह्यांवर ती ठरते. एखादी वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळीं दोन गोळ्या देऊं नयेत. कोणत्या औषधाच्या बाबतींत काय करावें हें वैद्यास आधींच विचारून लिहून ठेवावें.

दुसरी गोष्ट, कोणत्याहि नव्या वैद्याकडे जातांना सर्व औषधांची यादी बरोबर न्यावी. त्यांत काढे, भस्में, चूर्णें हींहि लिहावींत. अमिओडारोन तीन महिन्यांपूर्वीं बंद झालें असलें तरी तेंहि सांगावें, कारण तें चरबींतून अद्याप झिरपत असतें. बंद केलेलें औषध म्हणजे देहाबाहेर गेलेलें औषध नव्हे.

तिसरी गोष्ट तपासणीची. अमिओडारोनच्या वजनाचा सुमारें ३७ टक्के भाग आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळींत तें सुमारें ७५ मिलिग्रॅम भरतें. प्रौढ मनुष्यास आयोडीनची रोजची गरज ०.१५ मिलिग्रॅम. गोळींतील आयोडीनचा थोडाच भाग देहांत सुटा होतो; तरीहि तो गरजेच्या कित्येक पट असल्यामुळें गळ्यांतील अवटु ग्रंथि मंद किंवा अति तीव्र होऊं शकते. म्हणून ह्या ग्रंथीची आणि यकृताची रक्तपरीक्षा साधारण सहा महिन्यांनीं करावी. नवा खोकला, धाप, दृष्टींत बदल हीं लक्षणें वयावर ढकलूं नयेत.

शेवटीं अंगणाकडेहि दृष्टि टाकावी. पूजेच्या फुलांसाठीं लाविलेली पिवळी कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतों, तिच्या बियांत डिगॉक्सिनच्याच कुळांतील विषारी द्रव्यें असतात आणि तीं हृदयाचा ताल त्याच रीतीनें बिघडवितात. मुलें बिट्ट्यांनीं खेळतात. त्या तोंडांत जाणार नाहींत ह्याची काळजी मोठ्यांनीं घ्यावी, आणि गेल्याच तर घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ रुग्णालय गांठावें.

मुक्या प्राण्यांचें ऋण

मुंगीसहि वाट देणाऱ्या घरांतून हा लेख वाचला जाईल, आणि इतक्या प्राण्यांचा जीव घेऊन मिळविलेलें हें ज्ञान घ्यावें काय, असा प्रश्न कोणाच्या मनांत येईल तर तो रास्तच आहे. शास्त्रज्ञांनाहि तो टाळतां आलेला नाहीं. रसेल आणि बर्च ह्या इंग्रज संशोधकांनीं १९५९ सालीं तीन नियम सांगितले: शक्य तेथें प्राण्यांऐवजीं दुसरें साधन वापरावें, प्राण्यांची संख्या कमींत कमी ठेवावी, आणि त्यांचें दुःख कमींत कमी करावें. आपल्या देशांत १९६० च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याखालीं अशा प्रयोगांवर देखरेखीसाठीं केंद्रीय समिति आहे, आणि तिच्या नियमांनुसार प्रयोगापूर्वीं संस्थेंतील नीतिसमितीची संमति घ्यावी लागते. मनुष्याच्या यकृतपेशी कांचपात्रांत वाढवून औषधाचें रूपान्तर पाहणें, थेंबभर रक्तांतून पूर्वीं कांहीं प्राणी लागत तेवढी माहिती काढणें, हें आज शक्य झालें आहे. आणि २०२३ सालीं भारत सरकारनें नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राणिविरहित परीक्षापद्धतींस स्थान दिलें आहे. उंदीर म्हणजे मनुष्य नव्हे हें वर पाहिलेंच. तेव्हां दयेचा मार्ग आणि अचूकतेचा मार्ग येथें पुष्कळ अंशीं एकच ठरत आहे.

तथापि जें ज्ञान आजवर मिळालें तें त्या सशांनीं, मांजरांनीं आणि उंदरांनीं दिलेलें आहे, ह्यांत संशय नाहीं. आजोबांच्या गोळीच्या वेष्टनावर जी मात्रा छापलेली असते, तिच्यामागें तें ऋण आहे. डब्यांतील गोळी अंदाजानें वाढविणें, कोणास न विचारतां सोडणें, किंवा चार वैद्यांचीं औषधें एकमेकांस न कळवितां चालूं ठेवणें म्हणजे तें ज्ञान वायां घालविणें होय. तेव्हां घरांतील एखाद्या लिहित्या-वाचत्या मुलानें अगर सुनेनें आजच ह्या औषधांची यादी करावी: नांव, मात्रा, वेळ, केव्हां सुरू झालें, केव्हां बंद झालें. एका कागदाचें काम आहे. तो डब्याच्या झांकणाला आंतून चिकटवून ठेवावा.